अभ्यासक्रमातील क्रम

१

शालेय अभ्यासक्रमाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा 'काय शिकवायचे' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. अमुक धडा घेतला की गाळला, तमुक महापुरुषाला किती ओळी मिळाल्या, कोणत्या शब्दाने कोणाच्या भावना दुखावल्या, यावर निवेदने निघतात, मोर्चे निघतात, सभागृहात प्रश्न विचारले जातात. हे सारे आवश्यक आहे. त्याची टिंगल करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. परंतु अभ्यासक्रम या शब्दात अभ्यासाइतकाच क्रमही आहे, आणि या क्रमाकडे आपल्या चळवळीने व आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण तिची रचना पाहतो. कोणते पात्र आधी येते, कोण पडद्यामागे राहते, कोणाला शेवटच्या प्रवेशात दोन वाक्ये मिळतात, याचा अर्थ लावतो. पाठ्यपुस्तक हीसुद्धा एक रचना आहे. आपल्या समाजातील अनेकांच्या आयुष्यात तर तेवढे एकच पुस्तक येते. मग त्याच्या रचनेची समीक्षा का होऊ नये?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्यांची मुले शाळेत शेवटपर्यंत टिकतात त्यांच्या दृष्टीने धड्यांचा क्रम ही सोयीची बाब आहे. ज्यांची मुले मध्येच बाहेर पडतात त्यांच्या दृष्टीने मात्र क्रम हाच आशय आहे. त्यांच्यासाठी उशिरा ठेवलेला धडा हा न ठेवलेलाच धडा असतो.

२

हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. मी ऊसतोड कामगारांच्या घरात जन्मलो. दसरा झाला, कारखाना पेटला की आमची वस्ती रिकामी व्हायची. माय आणि बाप मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता कारखान्याच्या हद्दीत फिरायचा, आणि पट्टा पडला की शिमग्यानंतर, कधी पाडव्यानंतर, आम्ही गावी परतायचो. १९९६ साली मी पहिलीत गेलो. पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षे माझी शाळा जूनला सुरू व्हायची आणि दिवाळीच्या आसपास संपायची. पुढे कोपीवर वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून धाकट्याला सांभाळायचे, मोळ्या बांधायला बंध द्यायचे. परीक्षेच्या वेळी आम्ही हजर झालो की गुरुजी पुढच्या वर्गात ढकलून द्यायचे. गुरुजींचा तो चांगुलपणा होता.

माझी त्या दोन वर्षांची पुस्तके अजून आजीच्या पेटीत आहेत. पहिली पाने हाताळून मळलेली, मधली आणि शेवटची जवळजवळ कोरी. पहिल्या सत्रात जे होते ते मला आले. दुसऱ्या सत्रात जे होते ते माझ्यासाठी छापलेच नव्हते. पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावर मला कळले की ही माझी एकट्याची गोष्ट नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक घरातील मूल दर वर्षी अर्धेच पुस्तक शिकते. साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहे आली, त्यांनी काही मुलांना आधार दिला; परंतु वर्षाच्या दोन सत्रांत धडे कसे विभागावेत याचा विचार करताना ऊसतोड्याच्या मुलाचे वर्ष कोणी डोळ्यांसमोर ठेवले आहे असे मला आजवर दिसलेले नाही. गणितात नवी संकल्पना, तिचा सराव आणि तिचा उपयोग अशी चढण असते. चढणीची मधली पायरीच ज्याची चुकते तो पुढच्या वर्षी पहिल्या पायरीवर उभा राहून चौथीकडे पाहत असतो. आपण त्याला 'गणितात कच्चा' म्हणतो.

तिसरीपासून मी आजीजवळ गावी राहिलो आणि शिकलो. कसा राहिलो? माझ्याहून मोठी अक्का चौथी होऊन शाळेतून निघाली आणि धाकट्याला सांभाळायला कोपीवर गेली, म्हणून मी राहिलो. आमच्या घरातही एक क्रम होता, आणि त्या क्रमात मुलगी शेवटी होती. हे लिहिल्याशिवाय मला दुसऱ्यांच्या क्रमावर बोट ठेवता येणार नाही.

अक्का चौथी शिकली म्हणजे तिला काय मिळाले? लिहिता-वाचता येऊ लागले, बेरीज-वजाबाकी आली, आणि शिवछत्रपतींचा इतिहास मिळाला. महाराष्ट्रात १९७० पासून चौथीला शिवचरित्र आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. रयतेच्या राजाचा पवाडा जोतीरावांनी १८६९ सालीच लिहिला होता. शिवराय आमचे आहेत हे आम्हाला कोणाकडून शिकायचे नाही. तक्रार वेगळी आहे. ज्या मुलीचे शिक्षण चौथीला संपणार होते तिच्या चार वर्षांत शेकडेवारी नव्हती, व्याज नव्हते, मजुरीचा हिशेब नव्हता. ते सहावी-सातवीत होते. ती मात्र दहाव्या वर्षी अशा जगात गेली जिथे उचल, टनाचा दर, खाड्याची कपात आणि मुकादमाची वही यांशिवाय दुसरे गणितच नव्हते.

३

या ठिकाणी जोतीराव फुले यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला जे निवेदन दिले त्याचा उल्लेख आपण नेहमी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात करतो. निदान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी त्यात आहेच. पण त्याच निवेदनात एक अभ्यासक्रमही आहे, आणि तो आपण पुरेसा वाचलेला नाही. मोडी व बाळबोध यांचे वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे थोडे पाठ, अशी ती मांडणी आहे. खेड्यातील शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण त्यांचा व्यवहारातील उपयोग कमी असता कामा नये, असेही ते बजावतात. चालू पाठ्यपुस्तके व्यवहाराशी जोडलेली नाहीत, ती नव्याने रचली पाहिजेत, हेही सांगतात.

या यादीत मोडी पहिल्याच ओळीत का आली? बाळबोध ही छापील पुस्तकाची लिपी होती. मोडी ही कुळकर्ण्याच्या दप्तराची, सावकाराच्या खताची, सरकारी कागदाची लिपी होती. ज्या लिपीत शूद्रातिशूद्रांच्या जमिनी जात होत्या ती लिपी त्यांच्या मुलांना बाराव्या वर्षाच्या आत वाचता आली पाहिजे, असा त्या मांडणीचा अर्थ मी लावतो. जोतीरावांसमोरचे मूल मॅट्रिकच्या वाटेवरचे नव्हते. ते बारा वर्षांनी शेतावर परतणारे होते. त्याला परत जाताना काय हाती द्यायचे, या प्रश्नातून त्यांचा क्रम जन्मला. मुकादमाची वही ही आमची मोडी होती, आणि अक्काला ती वाचता येत नव्हती.

पंचेचाळीस वर्षांनी हाच प्रश्न बाबासाहेबांनी वेगळ्या बाजूने मांडला. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. प्राथमिक शिक्षणाचा हेतूच असा हवा की शाळेच्या दारातून आत गेलेले मूल आयुष्यभर साक्षर राहील अशा टप्प्यावरच बाहेर पडावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. तळ्याचा दिवस आपण विसरत नाही. कायदेमंडळातील दिवस मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतो.

बाबासाहेबांचा मुद्दा तेथे प्रामुख्याने खर्चाचा आणि शासनाच्या जबाबदारीचा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्यात अभ्यासक्रमाची एक कसोटी दडलेली आहे. मूल ज्या इयत्तेत थांबेल त्या इयत्तेपर्यंतचे त्याचे शिक्षण त्याच्यापुरते उभे राहू शकते काय? आजचे बहुतेक अभ्यासक्रम या कसोटीला उतरत नाहीत, कारण त्यांची प्रत्येक इयत्ता ही पुढच्या इयत्तेची तयारी म्हणून रचलेली असते. चौथी पाचवीसाठी, दहावी बारावीसाठी, बारावी प्रवेशपरीक्षेसाठी. ज्याला पुढची इयत्ता आहे त्याच्यासाठी ही रचना ठीक आहे. ज्याला ती नाही त्याच्या हाती तयारी तेवढी उरते.

कोणी म्हणेल, १९२७ आता राहिले नाही. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला आहे. मिळाला आहे, आणि त्याने फरकही पडला आहे. पण कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते. म्हणजे कसोटी चौथीवरून आठवीवर सरकली, एवढेच. पटावरचे नाव आणि पुस्तकाची वाचलेली पाने यांतील अंतर तर पटावर दिसतच नाही.

४

आता शिक्षणशास्त्राकडून येणारे उत्तर पाहू. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, जवळून दूरकडे, सोप्याकडून अवघडाकडे, ही क्रमाची सूत्रे अध्यापक विद्यालयात प्रत्येकाला पाठ करावी लागतात. त्यांत शहाणपण आहे. मूल जे जाणते त्याला धरूनच नवे शिकते. परंतु 'जवळचे' म्हणजे कोणाच्या जवळचे? ज्ञात म्हणजे कोणाला ज्ञात?

पहिल्या सत्रातच एकदा आमच्या वर्गाला आपल्या घरातील देवघराचे चित्र काढायला सांगितले होते. मी भिंतीवरची एक चौकट काढली. तीत बुद्ध आणि बाबासाहेब. बाईंनी पाटी पाहिली, काही बोलल्या नाहीत, आणि शेजारच्या मुलाची पाटी वर्गाला दाखवली. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या प्रशिक्षणाने त्यांना सांगितले होते की मुलाच्या परिसरापासून सुरुवात करा, आणि त्यांनी प्रामाणिकपणे एका परिसरापासून सुरुवात केली होती. अशा वर्गात एका मुलाचा प्रवास घरापासून जगाकडे होतो, आणि दुसऱ्याला आधी परक्या घरात शिरावे लागते, मग तेथून जगाकडे जावे लागते. दोघांना वेळ मात्र सारखाच दिलेला असतो. या दुसऱ्या मुलाच्या जादा वाटचालीची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही.

परंतु येथे आपणही सावध राहिले पाहिजे. 'मग दलित मुलाला त्याच्या जवळचे शिकवा' असे म्हणणे सोपे आहे, आणि इतिहासाने दाखवले आहे की त्यात सापळा आहे. १९३७ साली वर्धा येथे हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली गेली. श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा तिचा हेतू होता, हे नाकारता येत नाही. पण ज्यांच्या वाट्याला जन्मानेच चामडे, झाडू आणि माग आले त्यांना शाळेतून सुटका हवी होती. श्रमाची प्रतिष्ठा ज्यांनी कधी श्रम केले नाहीत त्यांना शिकवायची की ज्यांची पाठ श्रमाने मोडली त्यांना? पुढे १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ही तर 'जवळून दूरकडे' या सूत्राची शुद्ध परिणती होती. फक्त 'दूरकडे' हा भाग त्यातून गळाला होता. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हटले आणि लढा दिला. १९५४ साली राजाजी गेले, कामराज आले, योजना मागे घेतली गेली.

जोतीरावांनी मागितलेली शेती आणि राजाजींनी दिलेला घरचा धंदा यांत फरक काय? जोतीरावांच्या यादीत शेतीच्या आधी लिपी आणि हिशेब आहेत, बरोबर इतिहास आणि भूगोल आहेत. मुलाच्या हाती त्याचे जग समजण्याचे आणि बदलण्याचे साधन द्यायचे आहे. राजाजींच्या योजनेत मुलाला त्याच्या जागी परत नेऊन बसवायचे आहे. 'जवळचे' हे निघण्याचे ठिकाण असेल तर ते मुक्तीचे. पोहोचण्याचे ठिकाण असेल तर ती वेस आहे. स्थानिक ज्ञान, परंपरागत कौशल्य हे शब्द आजच्या शैक्षणिक धोरणांत पुन्हा मानाने वावरत आहेत. प्रत्येक वेळी आपण विचारले पाहिजे: यानंतर पुढचा धडा कोणता?

५

क्रम हा इतिहास शिकविताना सर्वांत जास्त बोलतो. महाराष्ट्रात २०१८ साली आलेले आठवीचे इतिहासाचे पुस्तक घ्या. पुस्तक वाईट नाही. जुन्या पुस्तकांच्या तुलनेत त्यात बहुजनांच्या चळवळींना चांगली जागा आहे. त्यात आठवा पाठ सविनय कायदेभंगाचा, नववा स्वातंत्र्यलढ्याच्या अंतिम पर्वाचा, दहावा सशस्त्र क्रांतिकारकांचा, आणि अकरावा 'समतेचा लढा'. शेतकरी, कामगार, स्त्रिया आणि दलित, या सर्वांचे लढे या एका अकराव्या पाठात.

आता तारखा पाहा. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झाला. दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाली. दहा दिवसांचे अंतर. एकीकडे परकीय सत्तेच्या मिठावरील कायद्याला आव्हान, दुसरीकडे स्वकीयांनी बंद केलेल्या दाराला आव्हान. हे दोन सत्याग्रह शेजारी ठेवले असते तर आठवीतल्या कोणत्याही मुलाने विचारले असते की स्वातंत्र्य म्हणजे कोणाचे कोणापासून? हा प्रश्न त्या काळाच्या इतिहासाचा गाभा आहे. परंतु पुस्तकात या दोहोंच्या मध्ये १९४२ येऊन जाते, क्रांतिकारक येऊन जातात, आणि मग आपण मागे वळून 'शिवाय हेही घडले' म्हणून समतेकडे येतो. एकही वाक्य खोटे नाही, एकही नाव गाळलेले नाही. केवळ क्रमाने मुख्य कथा आणि पुरवणी असा भेद निर्माण केला आहे. समतेचा लढा स्वातंत्र्यलढ्याच्या आत नाही, त्याच्यानंतरच्या खोलीत आहे. वेशीबाहेरची वस्ती अशीच असते: गावाच्या हद्दीत धरलेली, गावाबाहेर वसवलेली.

शिवाय, जे शेवटी ठेवलेले असते ते कापायलाही सोपे असते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात लोकचळवळींवरचे एक प्रकरण होते. त्यात दलित पँथरची माहिती होती. १९७२ ची पँथर विद्यार्थ्यासमोर येत होती ती बारावीत, नऊ प्रकरणांतल्या सातव्या प्रकरणात. २०२२ साली अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून ते प्रकरणच वगळले गेले. भार कोणाला झाला होता?

या ठिकाणी वयाचा आक्षेप येतो. लहान मुलांच्या कोवळ्या मनावर जातीचे विष कशाला? कळत्या वयात शिकवा. हा आक्षेप सद्भावनेने घेणारे लोकही मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो की जात कळण्याचे वय सर्वांचे सारखे नसते. पाण्याच्या हंड्यापासून लांब उभे राहायला शिकलेल्या मुलाला जात पहिलीच्या आधी कळलेली असते. 'कळते वय' येईपर्यंत थांबायची सवलत ज्याला जात सोसावी लागत नाही त्याच्यासाठीच आहे. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आलेल्या सहावीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात १९०१ सालचा एक प्रसंग दिला होता. लहानगे भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतात, आणि ही महारांची मुले आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. नऊ वर्षांच्या मुलाने जे भोगले ते अकरा वर्षांच्या मुलाने वाचावे, इतकीच त्या पुस्तकाची अपेक्षा होती. २०२४ साली सहावीचे ते पुस्तक जाऊन नवे आले.

जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली अशी मांडणी केली की कोणत्याही विषयाचा गाभा कोणत्याही वयाच्या मुलाला प्रामाणिक रूपात शिकवता येतो, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच विषयाकडे अधिक खोलीने परत येता येते. वर्तुळाकार चढत जाणाऱ्या या अभ्यासक्रमाचे आपल्या शिक्षणशास्त्रात कौतुक होते. गणिताला तो चालतो, विज्ञानाला चालतो. समतेलाच तेवढा चालत नाही काय? पाणी सर्वांचे असते हे पहिलीत, पाणी नाकारले जाते हे चौथीत, महाडला काय घडले हे सहावीत आणि त्यामागची समाजव्यवस्था नववीत, असा चढता क्रम लावायला कोणते मानसशास्त्र आडवे येते?

६

भाषेच्या बाबतीत हाच क्रम कसा चालतो, त्याचे एक उदाहरण. २००० साली महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तोवर ते पाचवीपासून होते. त्याच वर्षी मी पाचवीत होतो. माझी इंग्रजी मुळाक्षरे आणि पहिलीतल्या धाकट्या भावाची इंग्रजी मुळाक्षरे एकाच जून महिन्यात, एकाच कंदिलाखाली सुरू झाली. 'मराठीचे काय होणार' म्हणून त्या वेळी विरोध झाला. मराठीवरचे प्रेम मलाही कळते. मी मराठीच शिकवतो. परंतु शहरातील सुखवस्तू घरांतील मूल इंग्रजी शाळेत तिसऱ्या वर्षापासून इंग्रजी बोलत होते, आणि आम्हाला मात्र दहाव्या वर्षापर्यंत थांबायचा सल्ला होता. थांबण्याचा सल्ला नेहमी मागच्यालाच दिला जातो. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, गाजला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या वादातही पहिली, दुसरी, तिसरी भाषा कोणती याचीच चर्चा झाली. पहिलीत येणाऱ्या पारध्याच्या, कैकाड्याच्या, गोंडाच्या मुलाची प्रमाण मराठी हीच मुळात दुसरी भाषा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

७

आता आपल्याकडे वळतो, कारण आत्मपरीक्षणाशिवाय केलेली समीक्षा ही फिर्याद ठरते.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपण १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढलो. माणसे गेली, घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ चा दिवस आपल्या रक्ताने लिहिला गेला आहे. पण पाटी बदलल्यानंतर आतील अभ्यासपत्रिकांचा क्रम कोणी तपासला? नामांतर झाले, अभ्यासक्रमांतर झाले काय? आपण धडा मागितला, मिळाला, समाधान मानले. तो कितवा आहे हे विचारले नाही.

हा दोष मी दुसऱ्यावर ढकलत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या मराठीच्या उपसमितीत मी होतो. पदवीच्या वाङ्मयेतिहासाच्या पत्रिकेचे चार घटक ठरवायचे होते. पहिला महानुभाव, दुसरा वारकरी संत, तिसरा अव्वल इंग्रजी काळ, चौथा दलित, ग्रामीण आणि स्त्रीवादी साहित्य. कालक्रमच आहे, त्यात गैर काय, असे सर्व म्हणाले. मीही म्हणालो आणि सही केली. चौथा घटक मार्चमध्ये येतो, तोवर तासिका संपलेल्या असतात, आणि 'हा भाग विद्यार्थ्यांनी स्वतः वाचावा' असे सांगून आपण मोकळे होतो, हे मला माहीत होते. माझ्याच सहीने मी माझ्या माणसांना मार्चमध्ये ठेवले.

पुढच्या वर्षी मी माझ्या वर्गापुरता क्रम उलटा केला. जूनमध्ये दलित आत्मकथने, आणि मग मागे जात शेवटी लीळाचरित्र. परिणाम झाला. आत्मकथने वाचून आलेल्या मुलांनी चोखोबांचे अभंग निराळ्या नजरेने वाचले. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे हे मी दर वर्षी सांगतो, त्या वर्षी एका मुलीने प्रथमच विचारले, "सर, मग आत कोण होते?" त्या तासाला ठरलेला भाग झाला नाही, आणि मला त्याची खंत वाटली नाही.

पण खरे सांगायचे तर मार्चमध्ये माझे लीळाचरित्र राहिले. चक्रधरांनी जातिभेद आणि विटाळ नाकारला, लोकांच्या भाषेत उपदेश केला. तेही आमचेच पूर्वसूरी होते, आणि त्यांना मी 'स्वतः वाचा' म्हणून सोडले. तेव्हा मला उमजले की क्रम उलटा केल्याने शेवटचा माणूस बदलतो, शेवटची जागा तशीच राहते. बाबासाहेबांनी जातीची उतरंड उलटी करायला सांगितले नव्हते, ती मोडायला सांगितले होते. अभ्यासक्रमाच्या बाबतीत ती कशी मोडायची, हा खरा प्रश्न आहे.

८

त्याचे संपूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पण जोतीराव आणि बाबासाहेब यांच्यापासून निघणाऱ्या तीन कसोट्या मला दिसतात, आणि त्या मी आपल्या शिक्षक व कार्यकर्त्या मित्रांसमोर ठेवतो.

पहिली: प्रत्येक इयत्ता, शक्यतो प्रत्येक सत्र, स्वतःपुरते उभे राहिले पाहिजे. मूल उद्या थांबले तर आज त्याच्या हातात काय आहे, हे विचारून धडे लावावेत. चौथीच्या आत मजुरीचा हिशेब आणि आठवीच्या आत व्याजाचा कागद, नोकरीचा अर्ज, तक्रारीचा अर्ज. दुसरी: समता, स्वातंत्र्य, बंधुता यांना कोणत्याही पुस्तकात शेवटचा पाठ देऊ नये, त्या पहिल्या इयत्तेपासून प्रत्येक विषयात परत परत याव्यात, आणि इतिहासात त्यांना त्यांची खरी तारीख व खरा शेजार मिळावा. तिसरी: अभ्यासक्रम रचणाऱ्या टेबलाशी, जी मुले शेवटपर्यंत पोहोचत नाहीत त्यांना शिकवणारे शिक्षक बसले पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या, साखरशाळेच्या शिक्षकाला माहीत असते की कोणते पान कोरे राहते.

आपल्यापैकी जे अभ्यासमंडळांवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत 'आपला लेखक घेतला काय' याबरोबर 'कोणत्या महिन्यात घेतला' हेही विचारावे. जे शाळेत आहेत त्यांनी आपल्या वर्गातील एका मुलाचे पुस्तक हातात घेऊन त्याची कोरी पाने मोजावीत. निवेदन त्यानंतर लिहावे. ते अधिक नेमके होईल.

अक्काची मुलगी आठवीत होती तेव्हा मी दिवाळीला गावी गेलो होतो. भाची ओसरीवर मोठ्याने वाचत होती, अकरावा पाठ. अक्का तांदूळ निवडत ऐकत होती. महाडचे आले तेव्हा तिचा हात थांबला. बाबासाहेब तिला ठाऊक होते ते जयंतीच्या गाण्यांतून, आजीच्या तोंडून. पुस्तकातले बाबासाहेब ती प्रथमच ऐकत होती. मला म्हणाली, "हे आमच्या टायमालाबी होतं का रे पुस्तकात?"

मी म्हणालो, "होतं अक्का. पर तू शाळा सोडल्यावर आलं."